पावसाळा लागला की फाटकाचं लॉक येत नाही, मशीन बदललं तरी येत नाही: आमच्याकडे शेवटी काय निघालं

इंटरलॉक फाटक, इलेक्ट्रिक बूम (रस्त्यावर आडवा येणारा दांडा), आणि दरवर्षी पेरण्या आटोपल्या की तेच फेल्युअर, बूम खाली येतो पण लॉक येत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मी रेल्वेच्या एस अँड टीत, म्हणजे सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात, मेंटेनर आहे. फाटकाचा नंबर सांगत नाही, मराठवाड्यात सिंगल लाईनवर आहे आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन आहे एवढं पुरे, कारण शेवटी घोळ त्या जमिनीतच निघाला आणि तो सापडायला आम्हाला तीन पावसाळे लागले.

रेल्वेबाहेरचं कोणी वाचत असेल तर आधी थोडं सांगतो. इंटरलॉक फाटक म्हणजे फाटक बंद होऊन लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, आणि सिग्नल दिल्यावर फाटक उघडता येत नाही. दोन्ही बूम पूर्ण आडवे झाले का आणि दोन्हीकडचं लॉक आत गेलं का हे सांगणारे कॉन्टॅक्ट एका माळेत असतात, माळेतला एक मणी जरी निसटला तरी रिले, म्हणजे सिग्नलचा विजेवर चालणारा स्विच, उचलत नाही आणि सिग्नल लालच राहतो. आमचं फाटक स्टेशनपासून लांब आहे, त्यामुळे त्याचा स्वतःचा गेट सिग्नल आहे, ज्याच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीवर काळा ‘जी’ लिहिलेला असतो तो. हा लाल असला तर लोको पायलट थांबतो, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं, मग शिट्टी देत सावकाश फाटकापर्यंत येतो, गेटमन हातानं सिग्नल दाखवतो आणि मग गाडी जाते. म्हणजे गाडी अडकून पडत नाही, पण भरधाव येणारी एक्स्प्रेस थांबून परत स्पीड घेईपर्यंत किती वेळ जातो ते फोनवर कंट्रोलवाल्याच्या आवाजावरूनच कळतं. इकडे रस्त्यावर ट्रॅक्टर, शाळेची गाडी, लग्नाचं वऱ्हाड, सगळे गेटमनच्या नावानं बोंबलत असतात ते वेगळंच.

आता आमचा उद्योग ऐका. पहिल्या पावसाळ्यात आम्ही सर्किट कंट्रोलर, म्हणजे हे कॉन्टॅक्ट असतात ती डबी, बदलला, कारण कॉन्टॅक्टवर काळं दिसलं. दुसऱ्या पावसाळ्यात एका बाजूचं बूम हलवणारं अख्खं मशीनच बदललं, मोटरसकट. तिसऱ्या वर्षी केबलवर संशय आला म्हणून मेगर (केबलचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेऊन बसलो, केबल चांगली निघाली, तरी दोन कोर बदलून टाकले. प्रत्येक वेळी दिवाळीच्या सुमारास प्रॉब्लेम आपोआप गेला आणि ज्यानं शेवटचा पार्ट बदलला होता त्याच्या नावावर श्रेय जमा झालं. उन्हाळाभर एक फेल्युअर नाही. हाच खरा धागा होता पण आमचं डोकं पार्टमध्येच अडकलेलं.

डेटालॉगर म्हणजे यंत्रणेतल्या घडामोडी वेळेसकट नोंदवणारी पेटी, तिच्यातून फेल्युअरच्या वेळा काढल्या तर त्यात काही पॅटर्न दिसेना, सकाळ-संध्याकाळ कधीही. मग एक दिवस गुमटीत, गेटमनच्या खोलीत, बसलो होतो, भिंतीवर गेटमन मामांचं कॅलेंडर. मामांची स्वतःची चार एकर कोरडवाहू आहे, त्यामुळे पाऊस पडला की त्या तारखेवर निळ्या पेनानं फुली मारतात, जोराचा असेल तर दोन फुल्या. सहज चाळा म्हणून मी माझ्या यादीतल्या तारखा लाल पेनानं त्याच्यावर टाकल्या. लाल टिंब फुलीच्या दिवशी पडतच नव्हतं, ते दोन फुल्यांनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू व्हायचं आणि मग स्वच्छ ऊन पडलेल्या दिवसांतही चालूच राहायचं.

इथं जरा थांबा, कारण याच्यावरून अर्धं निदान होतं. पाणी जंक्शन बॉक्समध्ये किंवा सर्किट कंट्रोलरमध्ये शिरत असेल तर फेल्युअर पावसातच येतं आणि ऊन पडून बॉक्स सुकला की जातं. आमचं उलटं होतं, उशिरा यायचं आणि उन्हातही हटायचं नाही. असं वागणारी एकच गोष्ट फाटकाजवळ होती आणि तिच्यावर आम्ही उभे होतो.

आमच्या मेकमध्ये लॉक बूमच्या टोकाला आहे. रस्त्याच्या पलीकडे खांब, त्याला वर खाच, बूमचं टोक खाचेत बसतं आणि बाजूनं पिन येऊन टोकाच्या ब्रॅकेटच्या भोकात घुसते. काही मेकमध्ये लॉक मशीनच्या पेटीतच असतं, तुमचं तसं असेल तर पुढचा बराच भाग तुम्हाला लागू नाही, पण बूमच्या टेकूचा खांब तरी बघाच.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पिन हातात घेऊन नीट बघितली. वरच्या अंगाला जुनं ग्रीस तसंच, काळं, आणि खालच्या अंगाला नखाएवढी जागा घासून आरशासारखी चकचकीत. म्हणजे पिन भोकाच्या मधोमध जात नव्हती, खालच्या काठाला धडकत होती. मग ब्रॅकेटचं भोक बघितलं तर ते गोल राहिलेलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट. कानशीनं घासून घासून मोठं केलेलं. कोणी केलं म्हणाल तर आमच्याच बिरादरीनं, दर पावसाळ्यात एकेक मिलीमीटर, पिन जाईना की घास, आणि खरं सांगायचं तर त्यातला एक मिलीमीटर माझाही आहे. हे करू नका. भोक मोठं झालं की पिन जाते, लॉक दिसतं, सिग्नलही मिळतो, पण बूम नीट बसलेला नसतानाही लॉक दिसायला लागतं, आणि मग इंटरलॉकिंग कशासाठी केलं हाच प्रश्न.

मामा म्हणाले, “भाऊ, मी दोन वर्षं झाले म्हनतोय, खांबच हललाय म्हून. तुमी मशीन खोलता.” म्हणाले होते खरे. आम्ही ऐकलं नव्हतं. शेजारी घराचं काम चालू होतं तिथून मिस्त्रीचा ओळंबा मागून आणला, खांबाला लावला, तर चार फुटांत खांब रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला बोटभर कललेला. वर स्पिरिट लेव्हल धरून मशीनच्या फाउंडेशनशी उंची ताडली तर खांब वरही उचललेला.

कारण समजून घ्यायला फार मोठं इंजिनिअरिंग लागत नाही, गावात ज्यानं घर बांधलंय त्याला विचारा. काळी माती पाणी पिली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मशीनच्या पेटीचं फाउंडेशन मोठं आणि खोल होतं, ते जागचं हललं नाही. टोकाच्या खांबाला मात्र दीड फुटाचा खड्डा करून काँक्रीट भरून टाकलेलं, वजन काहीच नाही, आणि त्याच्या पायाशीच रस्त्याचं पाणी येऊन साचतं, कारण डांबराचा थर चढवताना रस्ता उंच झाला पण बाजूची चर बुजली. म्हणजे पाणी मुरायला दोन-तीन दिवस, मग माती फुगते, खांब वर येतो आणि कलतो, ऊन पडलं तरी खालची ओल महिनोन्‌महिने जात नाही. दिवाळीनंतर माती सुकते, खांब परत जवळजवळ जागेवर. आम्ही उगाच तीन वर्षं मोटरला शिव्या दिल्या.

पायाचं काम इंजिनिअरिंगवाल्यांचं, त्यामुळे जॉइंट इन्स्पेक्शन, नोट, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र, हे सगळं झालं, त्याची कहाणी सांगत नाही, सगळ्यांकडे सारखीच असते. काम काय केलं ते महत्त्वाचं. पाच फुटांवर मुरूम लागला तिथपर्यंत खणलं, खाली रुंद पाया घेतला, आणि खड्ड्याच्या कडा भरताना निघालेली काळी माती परत टाकू दिली नाही, मुरूम आणून कुटून भरला. हे मुद्दाम उभं राहून बघावं लागतं, नाहीतर मजूर लोक समोर पडलेली मातीच परत ढकलतात आणि सगळी मेहनत पाण्यात. चर मोकळी केली. ब्रॅकेट नवीन, गोल भोकाचं. मग काउंटरवेट तपासलं, कारण मध्ये एकदा ट्रकनं बूम तोडल्यावर नवा बूम हलका आला होता आणि मागची वजनं मात्र जुनीच होती. हलका बूम आणि जड काउंटरवेट असलं की टोक खाली बसताना कचरतं, वारा आला की दोन बोटं वर तरंगतं. एक प्लेट काढली आणि बूम शांत बसायला लागला. हे सगळं रीतसर डिस्कनेक्शन घेऊन, म्हणजे यंत्रणा तेवढ्यापुरती बंद ठेवायच्या टी/३५१ फॉर्मवर स्टेशन मास्तरांची सही घेऊन, चालू फाटकावर चोरून नाही.

आता तुमच्याकडे फेल्युअर आलं तर कुठून सुरू करायचं ते. मी सगळ्यात आधी बूमचं टोक हातानं खाली दाबून बघतो. दाबल्यावर लॉक आलं तर मीटर पिशवीत ठेवा, प्रॉब्लेम मेकॅनिकल आहे, खांब, काउंटरवेट, पिन, खाचेत अडकलेला दगड यातलंच काहीतरी. दाबूनही लॉकचा दिवा लागत नसेल तर मग माळ तपासायची, आणि तीही सुरुवातीपासून एकेक मणी न मोजता मधून तोडायची, म्हणजे दोन बूमच्या मधल्या टर्मिनलवर २४ व्होल्ट पोचतात का ते बघायचं. पोचले तर गुमटीच्या बाजूचं अर्ध सर्किट ठीक आहे, पलीकडच्या बूमकडे जायचं. रात्री पावसात टॉर्च तोंडात धरून काम करताना ही एक चाल पंधरा मिनिटं वाचवते. केबलवर संशय असेल तर दोन्ही टोकं सोडवून ५०० व्होल्टचा मेगर लावा, रिले जोडलेला ठेवून मेगर फिरवू नका. जंक्शन बॉक्स उघडलात तर खालचं केबल घुसायचं भोक बघा, आमच्याकडे तिथून मुंग्यांनी मातीचं अख्खं वारूळ आत नेलं होतं, आणि दुसऱ्या एका फाटकावर पाल टर्मिनलवर चिकटून मेलेली सापडली. कंपाउंड भरून भोक बंद करायला दहा मिनिटं लागतात पण ते कोणी करत नाही.

आणि कितीही घाई असली, कंट्रोल कितीही ओरडला, तरी लॉकच्या कॉन्टॅक्टवर वायर टाकून गाडीला सिग्नल द्यायचा नाही. फेल्युअर असेल तर गेटमननं साखळी-कुलूप लावून फाटक बंद करायचं, मास्तरांशी प्रायव्हेट नंबरची (फोनवरचा निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून द्यायचा गुप्त आकडा) देवाणघेवाण करायची, गाड्या लाल सिग्नलवर थांबत थांबत जाऊ द्यायच्या. लेट झालं तर झालं.

एक फसवं फेल्युअर सांगतो ज्यात सगळं ठीक असतं. लॉक येतं आणि दोन सेकंदांत जातं, पुन्हा येतं. आम्ही दोन दिवस कॉन्टॅक्ट साफ करत बसलो. मग तिसऱ्या दिवशी नुसतं खुर्ची टाकून बसलो तर कळलं, बूम खाली आला की दुधाचे कॅन लावलेले मोटारसायकलवाले येतात, एक जण टोकाजवळ खांदा लावून बूम उचलतो, दुसरा गाडी तिरकी करून काढतो, आणि मग उपकाराची परतफेड. पिन आत जायच्या आधीच्या क्षणाला खांदा लागला की लॉक हुकतं. बंद फाटक उघडणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे आणि तोडलं तर पाच वर्षांपर्यंत, पाटी लावलेली आहे, वाचतं कोण. शेवटी टोकाजवळच्या बाजूला जुने रूळ गाडून जागाच बुजवली, पायी माणूस जाईल पण हँडल जाणार नाही एवढी. आरपीएफचा जवान दोन दिवस उभा राहिला त्यापेक्षा त्या रुळांनी जास्त काम केलं.

दुसरी उलटी तक्रार म्हणजे गाडी गेली तरी फाटक उघडत नाही. तिथं बूमकडे बघूच नका, ट्रॅक बघा. फाटकातल्या रुळाच्या आतल्या बाजूला चेक रेल असते, मध्ये चाकाची कडा जायला ५१ ते ५७ मिलीमीटरची फट, त्या फटीत आणि रुळाच्या बुडाशी चिखल, शेण, डांबर, उसाची चिपाडं बसतात. सगळं ओलं झालं की ट्रॅक सर्किटचा, म्हणजे गाडी आहे का हे ओळखायला रुळांत सोडलेला, करंट एका रुळातून दुसऱ्यात गळायला लागतो आणि यंत्रणेला वाटतं गाडी अजून उभीच आहे. पी-वेच्या, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या, माणसांकडून फाटकातला रस्ता खोलून साफ करून घेतला की महिनाभर शांतता. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या कुदळीनं बाँड वायर (रुळांचे तुकडे विजेनं जोडणारी तार) तुटलेली असणं हेही कायमचं. जिथं एक्सल काउंटर लावलेत तिथं हा त्रास बराच कमी झालाय, त्याला चिखलाशी देणंघेणं नसतं, चाकं मोजतो आणि गप्प बसतो.

ऊसतोडीच्या सीझनमध्ये तर वेगळीच तऱ्हा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरला हूटर ऐकू येत नाही कारण त्याचा स्वतःचा टेप त्याहून मोठा, पहिली ट्रॉली निघते आणि बूम दुसरीवर उतरतो. बूम तुटला की लॉक कुठून येणार, मग इंटरलॉकिंगच गेलं, नवा बूम येईपर्यंत प्रत्येक गाडी थांबणार. याच्यावर स्लायडिंग बूम हा उपाय मला तरी पैसे वसूल वाटतो. बूमच्या मागे रुळाच्या बाजूला सरकवायचा आडवा पाइप असतो, मुख्य बूम तुटला की गेटमन तो ओढून लॉक करतो, त्याची चावी इंटरलॉकिंगमध्ये घेतलेली असते म्हणून सिग्नल देता येतो. फक्त महिन्यातून एकदा तो ओढून बघा. आमचा पहिल्यांदा गरज पडली तेव्हा गंजून बसला होता, चौघांनी ओढला तरी हलेना.

हूटरबद्दल पण एक. हूटर वाजतो पण आवाज दबका येतो अशी तक्रार आली म्हणून गेलो, अँप्लिफायर काढला, बॅटरी बघितली, सगळं ठीक. शिडी लावून हॉर्नमध्ये हात घातला तर फडक्याचा बोळा. कोणी घातला मी विचारलं नाही, गुमटीच्या खिडकीला लागूनच हॉर्न बसवलेला, दिवसाचे बारा तास तो कानात घेणाऱ्या माणसाचंही काही असतं. हॉर्नचं तोंड रस्त्याकडे फिरवून गुमटीपासून लांबच्या खांबावर नेला, बोळा परत सापडला नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे नवीन फाटकं इंटरलॉक होणार आहेत आणि भरपूर होणार आहेत. ब्रॉडगेजवरची बिनमाणसांची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली, पण माणूस असलेली पण इंटरलॉक नसलेली फाटकं राहिली. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला अशाच एका फाटकावर पॅसेंजरनं शाळेच्या व्हॅनला उडवलं, मुलं गेली. तिथं सगळी भिस्त फोनवरच्या बोलण्यावर आणि प्रायव्हेट नंबरवर होती. त्यानंतर इंटरलॉकिंगची मर्यादा २० हजार टीव्हीयूवरून १० हजारांवर आणायचे आणि फाटकांवर सीसीटीव्ही लावायचे आदेश निघाले. टीव्हीयू म्हणजे चोवीस तासांतल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, रिक्षा अर्धी धरतात, बैलगाडी एक. म्हणजे दिवसाला ३० गाड्या आणि ४०० वाहनं असलेलं साधं खेड्यातलं फाटकही १२ हजारांवर जातं आणि आता इंटरलॉकिंगमध्ये येतं. आणि खेड्यातली फाटकं म्हणजे आमच्याकडे काळी जमीन.

म्हणून काँट्रॅक्टरचा माणूस टोकाच्या खांबाला खड्डा घेत असेल तेव्हा तिथं जाऊन टेप टाका. ड्रॉईंगमध्ये जी खोली असेल ती असेल, मुरूम लागला का विचारा. पॅनल चकाचक आहे, एलईडी आहेत, बॅटरी बँक नवी आहे, याच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, फोटो पण त्याचेच निघतात. पहिला पावसाळा गेला की खांब कलतो आणि रात्री दोन वाजता फोन तुम्हाला येतो, काँट्रॅक्टरला नाही.

फाटकच काढून खाली सबवे करा असं म्हणणारे असतात, त्यांना मी आमच्या पुढच्या गावचा सबवे ऑगस्टमध्ये बघायला या म्हणतो, कमरेएवढं पाणी आणि त्यात बंद पडलेली जीप. उड्डाणपूल झाला तर उत्तमच, दिवा स्टेशनच्या फाटकापायी लोकल किती रखडल्या ते डोंबिवली-कल्याणकरांना सांगायला नको, पण आमच्या १२ हजाराच्या फाटकाला पूल कधी मिळणार.

आमच्या फाटकाचं म्हणाल तर नवा पाया घातल्यापासून एक पूर्ण पावसाळा गेला, त्या बाजूच्या लॉकचं एकही फेल्युअर नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर चौथ्या दिवशी ओळंबा लावला होता, दोरी खांबाला चिकटून. समोरच्या बाजूचा खांब मात्र अजून जुन्याच पायावर आहे, मंजुरी एकाच खांबाची आली, आणि तो यंदा बोटाच्या पेराएवढा कललाय. ब्रॅकेटला कानस लावायची नाही असं मामांना सांगून ठेवलंय, मामा म्हणाले कानसच लपवून ठेवलीय. तिथं मुरूम आठ फुटांवर पण लागत नाही, तर काळ्या मातीत घरांना करतात तसे खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल एवढ्याशा खांबाला कोणी करून बघितलेत का, आणि इंजिनिअरिंगकडून ते खर्चाच्या कोणत्या हेडखाली मंजूर करून घेतलं, तेवढं सांगा.